पूर्वजाचे मृत्युपत्र कसे वाचावे? पुण्यातील दोन कागद आणि एक प्रश्न

१/२२
जुना वाडा पाडायचे ठरले की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. घरातील इतिहासवेडा तरुण तिच्यात सनद शोधतो, मोडीतील एखादे वतनपत्र शोधतो, पूर्वज कोणत्या स्वारीत होता याचा पुरावा शोधतो. पिवळ्या पडलेल्या फुलस्केप कागदावरचे पणजोबांचे मृत्युपत्र मात्र ‘इस्टेटीची भानगड’ म्हणून बाजूला सरकवले जाते. ही निवड चुकीची आहे. सामान्य मराठी घराण्याच्या इतिहासासाठी मृत्युपत्राइतका बोलका कागद क्वचितच हाती लागतो. तो नीट वाचायचा कसा आणि वाचल्यावर त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, याचा विचार या धाग्यात केला आहे.

२/२२
मराठी समाजाला घराण्याचा इतिहास लिहिण्याची हौस जुनी आहे. विसाव्या शतकात छापले गेलेले अनेक कुलवृत्तांत त्याची साक्ष देतात. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, शाखा, पिढ्या अशी त्यांची मांडणी नेटकी असते. पण वंशावळीच्या तक्त्यात माणसे केवळ जन्मतात, पुत्रवंत होतात आणि मरतात. स्त्री बहुधा अमक्याची पत्नी किंवा अमक्याची कन्या एवढीच उरते. कोण कोणावर रुसले होते, कोणाला घरातून काढले होते, म्हातारपणी कोणी सेवा केली, कर्ज किती होते, हे तक्त्यात मावत नाही. मृत्युपत्रात नेमके हेच सापडते. माणूस जगाचा निरोप घेण्यापूर्वी आपली माणसे कोणती, याची यादी स्वतः करतो.

३/२२
हा कागद आपल्याकडे फार प्राचीन नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. धर्मशास्त्राने वारसा, विभागणी, दत्तक, दान यांचा बारकाईने विचार केला. पण मरणोत्तर इच्छेने मिळकत फिरवण्याची आजच्या अर्थाची सोय त्यात नव्हती. मराठेशाहीतील घराण्यांचे कागद पाहिले तर वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, महजर, निवाडपत्रे दिसतात. १७२६च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयर कोर्टे आली आणि इंग्रजी पद्धतीचे मृत्युपत्र येथे रुजू लागले. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी १८७०मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तोही या इलाख्यात मुंबई शहरापुरता. लेखी आणि दोन साक्षीदारांनिशी केलेले मृत्युपत्र सर्वत्र सक्तीचे झाले ते १ जानेवारी १९२७ पासून.

४/२२
याचा अर्थ असा की एकोणिसाव्या शतकात पुणे, सातारा किंवा नाशिककडे कोणी लेखी मृत्युपत्र करून ते नोंदवले असेल, तर तो नेहमीचा शिरस्ता नव्हता. ती जाणीवपूर्वक केलेली कृती होती. आणखी एक गोष्ट. मिताक्षरा परंपरेत एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीवर मुलांचा जन्मतः हक्क असे. बापाला मृत्युपत्राने देता येई ती स्वकष्टार्जित मिळकत. म्हणून अशा काळातील मृत्युपत्र हाती आले की त्यातील पहिले वाक्य वाचण्याआधीच दोन प्रश्न उभे राहतात. या माणसाने स्वतःच्या बळावर काय कमावले होते? आणि जे रूढीने आपोआप झाले असते, ते त्याला का नको होते?

५/२२
या दोन प्रश्नांचे उत्तर देणारा उत्तम नमुना पुण्यातच आहे. जुलै १८८७मध्ये जोतीराव गोविंदराव फुले यांनी आपले मृत्युपत्र केले आणि ते रीतसर नोंदवले. ‘महात्मा’ ही पदवी त्यांना मे १८८८मध्ये मिळाली; पक्षाघाताचा झटका त्याच वर्षी पुढे आला. म्हणजे हा कागद मरणशय्येवर घाईघाईने केलेला नाही. साठीच्या उंबरठ्यावरील, हिंडत्या-फिरत्या, लिहित्या माणसाने शांतपणे घेतलेला तो निर्णय आहे. फुल्यांच्या ग्रंथांची पारायणे होतात, पण या छोट्या कागदाकडे घराण्याच्या इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले जात नाही.

६/२२
त्याआधी घराण्याची ओळख. हे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे. आजोबा शेटीबा यांचे तीन मुलगे राणोजी, कृष्णा आणि गोविंद पुण्यात फुलांच्या व्यवसायात स्थिरावले आणि पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या कामावरून आडनाव पडले फुले. पेशवाईत या कामाबद्दल त्यांना जमीनही मिळाली होती. ती थोरल्या राणोजीने बळकावली, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे भाऊबंदकीचा अनुभव जोतीरावांच्या जन्माआधीच घरात मुरला होता. पुढे १८४९मध्ये शाळा चालवल्याबद्दल समाजाचा दाब आला, तेव्हा वडील गोविंदरावांनी जोतीराव आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढले. ज्याला रक्ताच्या नात्याने उंबऱ्याबाहेर घातले, त्याने रक्ताचे नाते कसे मोजावे?

७/२२
पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. जोतीरावांकडे देण्यासारखे जे होते ते बहुतांशी स्वकष्टाचे होते. शाळांचे काम करीत असतानाच ते कंत्राटदार होते. सरकारी बांधकामांना माल पुरवणे, खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांशी संबंध, मांजरीची शेती, असा त्यांचा व्यवहार होता. सुधारक म्हणजे केवळ भाषणे करणारा गृहस्थ, ही समजूत या एका तपशिलाने ढासळते. स्वतंत्र उत्पन्न होते म्हणून स्वतंत्र मत होते, आणि दोन्ही होती म्हणूनच स्वतंत्र मृत्युपत्र शक्य झाले. पूर्वजाचा कागद वाचताना मिळकतीची यादी कंटाळवाणी वाटते. परंतु माणूस कशावर जगला हे सांगणारा भाग तोच असतो.

८/२२
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे यशवंत. १८६३मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवणूक झालेल्या विधवांना तेथे गुपचूप बाळंत होता येई. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा तेथे जन्मलेला मुलगा सावित्रीबाईंनी वाढवला आणि या दांपत्याने त्याला आपले नाव दिले. भावना म्हणून ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कायदा म्हणून ती किती अवघड होती, हे सहसा सांगितले जात नाही. तेव्हाच्या हिंदू कायद्यानुसार दत्तक मुलगा समान वर्णाचा असावा लागे आणि त्याला विधिपूर्वक देणारे आईबापही असावे लागत. माळी दांपत्य आणि ब्राह्मण विधवेचा मुलगा! या दत्तकाला न्यायालयात आव्हान देणे भाऊबंदांना मुळीच कठीण नव्हते.

९/२२
मृत्युपत्राचे महत्त्व येथे कळते. दत्तक टिकले नाही तरी स्वकष्टार्जित मिळकत नाव घेऊन कोणालाही देता येत होती. रूढीने ज्या मुलाला वारस मानले नसते, त्याला कागदाने वारस केले. त्या अर्थी हे मृत्युपत्र संपत्तीच्या वाटणीपेक्षा संरक्षणाचे साधन अधिक आहे. तेरा वर्षांच्या आसपासच्या मुलाभोवती बापाने बांधलेली ती भिंत आहे. आपल्या घरातील जुन्या मृत्युपत्रात एखादे अनपेक्षित नाव आढळले, तर ‘याला एवढे का दिले?’ असा वैतागाचा प्रश्न विचारण्याआधी ‘याला न दिल्यास याचे काय झाले असते?’ हा प्रश्न विचारावा. बहुधा त्या घराची खरी कथा तेथून सुरू होते.

१०/२२
फुल्यांनी ही भिंत आंधळ्या मायेने बांधली नाही. मुलगा शिकला नाही, उनाड निघाला, तर काय करावे याचीही तजवीज त्यांनी केली. अशा वेळी सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी माळी, कुणबी, धनगर आदी जातींतील एखादा लायक मुलगा निवडून वारसा त्याच्याकडे द्यावा, असा त्याचा आशय आहे. जरा थांबून विचार करण्यासारखी ही अट आहे. पुत्रत्व येथे जन्माने मिळत नाही आणि दत्तविधानानेही कायमचे ठरत नाही. विद्या आणि वर्तन यांनी ते टिकवावे लागते. वारस ठरवण्याचा अखेरचा अधिकार भावकीला नसून विचाराने जोडलेल्या मंडळींना आहे. शेकडो पानांतून मांडलेले तत्त्वज्ञान एका अटीत व्यवहारी झाले आहे.

११/२२
आपल्या देहाचे काय करावे, हेही त्यांनी लिहून ठेवले. दहन न करता मिठात पुरावे, ही इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. राहत्या जागी पुरण्याची परवानगी नगरपालिकेकडून मिळाली नाही आणि दहनच करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी हरकत घेतली. टिटवे धरणारा वारस ठरतो, म्हणून दत्तक मुलाला विरोध झाला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले. मृत्युपत्रातील एक इच्छा कायद्यापुढे हरली. दुसरी इच्छा रूढीपुढे हरण्याच्या बेतात असताना एका स्त्रीने उचलून धरली. कागदात हा प्रसंग नाही. कागदामुळे मात्र त्याचा अर्थ उलगडतो.

१२/२२
पुढे काय झाले? मृत्युपत्र होते म्हणून घरात सुबत्ता होती, असे समजण्याचे कारण नाही. १८९०मध्ये मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या कुटुंबाच्या विवंचनेकडे लक्ष वेधले होते. आजारपण आणि सार्वजनिक कार्य यांनी कमाई खाऊन टाकली होती. पण बापाची अट मुलाने पाळली. यशवंत शिकला, डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याने रोग्यांवर उपचार केले. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. १९०५मध्ये यशवंतही गेला. मृत्युपत्रातील मिळकत विरून गेली, अट तेवढी फळली. घराण्याचा इतिहास मोजताना या दोहोंपैकी मोठे काय, हे वाचकाने ठरवावे.

१३/२२
आता त्याच शहरातील दुसरा कागद, बरोबर दहा वर्षांनंतरचा. ७ ऑगस्ट १८९७. पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज पटकीने अंथरुणाला खिळले होते. त्यांचे स्नेही बाळ गंगाधर टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटून पुण्यात आले होते. मरणाच्या दारात असलेल्या सरदाराने मृत्युपत्र केले आणि टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आदी विश्वासू गृहस्थांवर इस्टेटीची जबाबदारी सोपवली. त्याच दिवशी ते वारले. मागे राहिली तरुण, गरोदर पत्नी सकवारबाई ऊर्फ ताई महाराज. फुल्यांचा कागद सवडीचा होता. हा कागद तासांच्या हिशेबातला.

१४/२२
या मृत्युपत्राची मुख्य चिंता वंश चालवण्याची आहे. मुलगा झाला तर प्रश्नच नव्हता. मुलगा न झाल्यास किंवा लहानपणीच गेल्यास विश्वस्तांच्या संमतीने पत्नीच्या मांडीवर दत्तक द्यावा, अशी तरतूद होती. मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच गेला. जून १९०१मध्ये औरंगाबाद येथे घराण्याच्याच एका शाखेतील जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. त्यानंतर ताई महाराजांनी आपल्याला ते मान्य नसल्याची भूमिका घेतली आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरात बाळा महाराज हा दुसरा दत्तक घेतला. एका घरात दोन वारस उभे राहिले. यामागे इस्टेटीवरील कर्ज, खर्चाला घातलेला लगाम, कारभाऱ्यांचे कान फुंकणे, कोल्हापूर दरबार आणि गोरे अधिकारी, असे अनेक धागे होते.

१५/२२
पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला. १९०३मध्ये शिक्षा झाली, मार्च १९०४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. खालच्या कोर्टात एक निकाल, उच्च न्यायालयात त्याच्या उलट, आणि अखेर १९१५मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तविधान ग्राह्य धरले. मधल्या काळात टिळक मंडालेला सहा वर्षे काढून परतही आले होते. ताई महाराज निकाल पाहायला उरल्या नाहीत. त्या १९०३मध्येच गेल्या. काही ओळींच्या एका तरतुदीने इतकी माणसे आणि इतकी वर्षे गिळली.

१६/२२
ताई महाराज प्रकरण आजवर बहुतेक टिळकांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून वाचले गेले. टिळक प्रामाणिक होते की नव्हते, एवढ्याच कसोटीवर. न्यायालयांनी त्यांची बाजू अखेर उचलून धरली, हे निःसंशय. पण घराण्याच्या इतिहासाच्या अभ्यासकाने दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. ज्या मांडीवर दत्तक बसायचा, तिच्या मर्जीला त्या कागदात किती जागा होती? विश्वस्त सज्जन असतील, मृताची इच्छा शुद्ध असेल, तरी एका तरुण विधवेचे उरलेले आयुष्य इतरांच्या संमतीला बांधले गेले, ही गोष्ट खोटी ठरत नाही. फुल्यांच्या मृत्युपत्राने नात्याबाहेरच्या मुलाला घरात घेतले. पंडितांच्या मृत्युपत्राने घरातल्याच स्त्रीला अटींच्या कुंपणात ठेवले. दोन्ही कागद प्रेमापोटी केलेले असू शकतात. परिणाम मात्र एकसारखे नाहीत.

१७/२२
म्हणून मृत्युपत्रावर विश्वास ठेवण्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा भाषेची. ‘देहाचा भरवसा नाही’, ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्या दडपणाखाली न येता’ ही वाक्ये पणजोबांच्या मनातून आलेली नसतात. ती दस्तलेखकाच्या किंवा वकिलाच्या लेखणीतून येतात. त्यावरून पूर्वज विरक्त होता असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे आहे. साचा संपून माणूस बोलू लागतो ती जागा शोधावी. ‘धाकट्या सुनेने माझे दुखणे काढले’ किंवा ‘थोरल्यास शिक्षणासाठी दिलेले वाट्यात धरावे’ अशी ओळ आली की समजावे, येथे दस्तलेखक थांबला आणि घरमालकाने तोंड उघडले.

१८/२२
दुसरी मर्यादा मौनाची. मृत्युपत्रात नाव नाही म्हणजे माया नव्हती, असे नाही. मुलीला लग्नात दिलेले असेल, भावाला आधीच वाटणी मिळाली असेल, पत्नीची सोय वेगळ्या बक्षीसपत्राने झाली असेल. शेक्सपियरने १६१६च्या मृत्युपत्रात पत्नीला ‘दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम पलंग’ ठेवला, यावरून त्या दांपत्यात वितुष्ट होते असे अनेकांनी मानले. अभ्यासकांनी दाखवून दिले की विधवेच्या हक्कांची सोय रूढीने अन्यथाही होऊ शकत होती आणि तो पलंग कदाचित त्या दोघांचा रोजचाच असेल. शब्द तेच, कायदा आणि चालीरीती ठाऊक नसतील तर अर्थ उलटा लागतो. एकट्या मृत्युपत्रावरून पूर्वजाला दोषी ठरवू नये आणि देवही करू नये.

१९/२२
तिसरी गोष्ट, प्रदेश बदलला की कागद बदलतो. गोव्यात १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७०पासून लागू झाला आणि त्याचा पाया आजही कायम आहे. तेथे मुले किंवा आईवडील हयात असता मनाप्रमाणे देता येतो तो मिळकतीतील अर्धाच हिस्सा. उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव. त्यामुळे गोव्यातील मृत्युपत्रात मुलीला वगळलेले सहसा दिसणार नाही, कारण पूर्णपणे वगळणे बापाच्या हातीच नसते. मृत्यूनंतर मिळकतीची जी न्यायालयीन यादी होते, ती संशोधकासाठी मृत्युपत्राहूनही मोलाची ठरू शकते. एका शाखेने सावंतवाडीत आणि दुसरीने पेडण्यात घर केले असेल, तर एकाच घराण्याच्या दोन पिढ्या दोन कायद्यांत वाचाव्या लागतात.

२०/२२
१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत हक्क दिला आणि २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. हक्क आला तसा तो चुकवण्याचा कागदही आला. पूर्वी दत्तक मुलाला वाचवण्यासाठी वापरलेले मृत्युपत्र कित्येक घरांत मुलींना वगळण्यासाठी वापरले गेले. जेथे मृत्युपत्र नव्हते, तेथे ‘भावाशी नाते टिकव’ म्हणून बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतले गेले. आजच्या तरुणाच्या घरातील ट्रंकेत आजोबांचे मृत्युपत्र आणि आत्याचे हक्कसोडपत्र एकाच पिशवीत असण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज त्या घराचा इतिहास पूर्ण होत नाही, मग तो वाचताना कितीही अवघडल्यासारखे झाले तरी.

२१/२२
शोधायचे कोठे? नोंदवलेले मृत्युपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात उतरवलेले असते. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही. मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. मुंबईतील मिळकतींची प्रोबेट प्रकरणे उच्च न्यायालयाच्या दप्तरात असतात. गावाकडे जमीन असेल तर जुने फेरफार पाहावेत; मृत्यूनंतरची वारसनोंद आणि मृत्युपत्रातील नावे जुळत नसतील, तर अभ्यासाला खरी सुरुवात तेथेच होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे कितीतरी कागद मोडीत आहेत, म्हणून मोडी शिकणे ओघाने आलेच. मूळ कागदाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. छायाचित्र काढावे आणि साध्या कागदाच्या घडीत ठेवावे.

२२/२२
घरातील वडीलधारे म्हणतील, झाकली मूठ सव्वा लाखाची; जुनी भांडणे उकरून काय मिळणार? या हरकतीत तथ्य आहे. हयात माणसांची नावे समाजमाध्यमांवर टाकणे हा इतिहास नव्हे, तो चव्हाटा आहे. आत्याची संमती न घेता तिचे दुःख कोणी मांडू नये. पण कागद न वाचता जाळणे, हे त्याहून मोठे पाप. सनदेत पूर्वज राजासमोर उभा असतो, म्हणून ताठ उभा असतो. मृत्युपत्रात तो आपल्या माणसांसमोर असतो. तेथे त्याची माया, धास्ती, पक्षपात आणि कृतज्ञता लपत नाही. एका मृत्युपत्राने बेवारस ठरू शकणाऱ्या मुलाला डॉक्टर होईपर्यंत घर दिले. दुसऱ्याच्या छायेत एका तरुण विधवेची उरलेली वर्षे कोर्टकचेरीत गेली. आपल्या घराण्याचा कागद या दोहोंपैकी कोणाच्या जवळ जातो, हे वाचल्याशिवाय कळणार नाही. आणि ते कळल्यावर पुढचे मृत्युपत्र कसे लिहावे, हेही वाचणाऱ्यालाच ठरवायचे आहे.

#मराठी_इतिहास #मृत्युपत्र #घराण्याचा_इतिहास